पिझ्झा आणायला कोण जाणार?

टेबलाभोवती सात जण बसले आहेत. नव्या घरातली पहिलीच पार्टी आहे, याट्झीचा डाव मांडलेला आहे आणि खाली दाराशी पिझ्झावाला येऊन थांबला आहे. कुणीतरी उठायचं, जिना उतरायचा, पैसे द्यायचे आणि खोकी घेऊन वर यायचं. पाचेक मिनिटांचं काम, पण उठायला कुणीच तयार नाही. मग जेफ डावातला एक फासा उचलतो आणि म्हणतो, माझ्या डाव्या हातापासून एक, दोन, तीन असे आकडे धरा. ज्याचा आकडा येईल तो जाईल. अ‍ॅनी, शर्ली, पिअर्स, ब्रिटा, ट्रॉय, एबेड. सगळ्यांना आकडे मिळतात, कुणाचीच तक्रार नसते. तेवढ्यात एबेड शांतपणे सांगतो की हा फासा टाकलास तर तू सहा वेगवेगळ्या काळरेषा निर्माण करशील. जेफ त्याच्याकडे फारसं लक्ष न देता फासा उडवतो.

'कम्युनिटी' या अमेरिकन विनोदी मालिकेच्या तिसऱ्या हंगामातला हा चौथा भाग, 'रेमेडियल केऑस थिअरी'. १३ ऑक्टोबर २०११ रोजी एनबीसीवर दाखवला गेला. लेखन ख्रिस मॅकेनाचं, दिग्दर्शन जेफ मेलमनचं. जाहिराती वगळल्या तर जेमतेम बावीस मिनिटांचा ऐवज. मी तो किती वेळा पाहिला याचा हिशोब ठेवलेला नाही. एकदा मात्र वही घेऊन बसलो होतो. पानावर उभे रकाने आखले, प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर बाहेर गेलेल्या माणसाचं नाव घातलं आणि खाली मागे राहिलेल्यांनी काय केलं ते लिहीत गेलो. पान भरल्यावर दिसलं की या भागाचा सगळा हिशोब वजाबाकीचा आहे. एक माणूस खोलीतून उणा करायचा आणि उरलेल्यांचं काय होतं ते बघायचं.

मालिका ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ग्रीनडेल हे कोलोरॅडोमधलं एक काल्पनिक कम्युनिटी कॉलेज. अशा कॉलेजात वयाची अट नसते; आयुष्यात कुठेतरी गाडी रुळावरून घसरलेली माणसं नव्याने सुरुवात करायला इथे येतात. जेफ हा खोट्या पदवीवर वकिली करताना पकडला गेलेला. शर्ली संसार मोडल्यावर शिकायला आलेली आई. पिअर्स साठी उलटून गेलेला श्रीमंत आणि एकटा गृहस्थ. अ‍ॅनी शाळेत गोळ्यांच्या व्यसनात अडकलेली हुशार मुलगी. ट्रॉय शाळेतला फुटबॉलचा हिरो. ब्रिटाची मतं ठाम, पण हातून काही धड पार पडत नाही. आणि एबेड, ज्याला माणसं कळायला सिनेमाचा आधार लागतो. ही भूमिका करणाऱ्या डॅनी पुडीचे वडील भारतीय आणि आई पोलिश. स्पॅनिशच्या अभ्यासासाठी एकत्र आलेला हा गट पुढे एकमेकांचं घरच होऊन जातो. मालिकेचा कर्ता डॅन हार्मन स्वतः कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल कम्युनिटी कॉलेजात स्पॅनिश शिकायला गेला होता आणि अशाच एका अभ्यासगटात बसला होता. परक्या माणसांत आपला जीव कसा गुंतला याचं त्याला वाटलेलं नवल मालिकेत सगळीकडे झिरपलेलं आहे.

या मालिकेच्या जवळजवळ प्रत्येक भागाला एखाद्या अभ्यासक्रमासारखं नाव असतं. 'रेमेडियल' म्हणजे कच्च्या विद्यार्थ्यांसाठीचे जादा तास. केऑस थिअरीची गोष्ट अशी की १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ हा हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचं गणित चालवत होता. एक गणित मधूनच पुन्हा चालवायचं म्हणून त्याने ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरला आणि तो कॉफी प्यायला गेला. तासाभराने परतला तेव्हा कागदावरचं हवामान ओळखू येणार नाही इतकं बदललेलं होतं. माणूस पाय मोकळे करून खोलीत परततो आणि मागे ठेवून गेलेलं जग जागेवर नसतं, हीच आपल्या भागाचीही गोष्ट आहे.

फासा पडतो. पहिल्या खेपेला अ‍ॅनी जाते आणि विशेष काही घडत नाही. ही खेप मुद्दाम साधी ठेवलेली आहे, कारण लेखकाला आपल्याला आधी खोली दाखवायची आहे. जेफ उठतो आणि खाली लोंबणाऱ्या पंख्यावर त्याचं डोकं आपटतं. 'रॉक्सॅन' हे 'द पोलीस' या बँडचं गाणं लागतं, ब्रिटा त्यात सूर मिसळायला जाते आणि जेफ एका वाक्यात तिला गप्प करतो. पिअर्स एका प्रसिद्ध गायिकेबरोबरचा विमानातला आपला जुना पराक्रम पुन्हा सांगू लागतो. ब्रिटा न्हाणीघरात जाऊन गांजाचे झुरके घेते. शर्लीने सारण भरलेले छोटे छोटे पाइ भट्टीत ठेवलेले असतात. एबेडने 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मधल्या त्या प्रचंड गोल दगडाचा छोटा देखावा मांडलेला असतो. पुढच्या प्रत्येक खेपेत याच गोष्टी याच क्रमाने पुन्हा घडू लागतात. प्रेक्षकाला पाठ होतील इतक्याच वेळा त्या दाखवल्या जातात आणि मग त्यांची काटछाट सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पंख्याचा नुसता 'ठक्' पुरतो. संवादाची पहिली दोन अक्षरं कानावर पडली की उरलेलं वाक्य आपणच मनात पुरं करतो. ख्यालात बंदिशीचा मुखडा एकदा कानात बसला की गायक तो अर्धाच घेऊन समेवर येतो आणि श्रोत्यांचे हात आपसूक मांडीवर पडतात, तशी ही बांधणी आहे. या अर्धवट वाक्यांवर येणारं हसू मला फार मोलाचं वाटतं. विनोदाची दुसरी बाजू आपणच उचलून धरलेली असते.

दुसऱ्या खेपेला शर्ली जाते. जाताना पाइंकडे लक्ष ठेवा एवढंच सांगते. एरवी ही बाई सगळ्यांसाठी इतकं भाजून आणते की ट्रॉय आणि एबेड यांनी बाकीच्यांना आधीच बजावून ठेवलेलं आहे, तिचे पाइ खायचे नाहीत, तिला ही सवय सुटायला हवी. हेतू चांगलाच आहे. पण परतल्यावर तिला जळका वास येतो आणि भट्टीतून काळेठिक्कर गोळे निघतात. ती भडकते आणि निघून जाते. आपलं लक्ष पाइंवर असतं. तिला मात्र त्या क्षणी दिसतं की आपण या घरात कुणाला लागत नाही. दुसऱ्यासाठी राबल्याशिवाय ज्यांना आपली जागा पक्की वाटत नाही अशा बायका आपण प्रत्येकाने पाहिल्या आहेत. हा प्रसंग दीड-दोन मिनिटांचा असेल, पण मला तो सोसवत नाही.

पिअर्सची आणि ब्रिटाची खेप मी भरभर सांगतो. पिअर्स नसताना ट्रॉय आणि ब्रिटा एकमेकांशी थोडं मन मोकळं करतात, आणि पुढच्या हंगामात त्या दोघांचं जे जुळतं त्याचं बी इथे पडतं. ब्रिटा खाली जाते ती थेट पिझ्झावाल्याशी लग्न ठरवूनच वर येते. हसायला येतं, पण ही खेप मला उरलेल्या भागाच्या तोडीची वाटत नाही. इथे विनोद माणसाच्या गाभ्यातून न येता वरून चिकटवलेला आहे.

खोलीतल्या वस्तूंपाशी मात्र थांबायला हवं. पिअर्सने ट्रॉयसाठी कागदात गुंडाळून एक भेट आणली आहे. आत नॉर्वेच्या लोककथांतल्या ट्रोलचा विद्रूप बाहुला आहे. ट्रॉय पूर्वी पिअर्सच्या बंगल्यात राहायचा तेव्हा या बाहुल्याला भ्यायचा. आता तो एबेडबरोबर राहायला आला आहे आणि मागे एकटा पडलेला म्हातारा नेमकी तीच वस्तू भेट म्हणून घेऊन आला आहे. 'तू गेलास त्याचं मला वाईट वाटलं' एवढं सरळ वाक्य त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याने बाहुला आणला. अ‍ॅनीच्या पर्समध्ये पिस्तूल आहे, कारण ती वाईट वस्तीत एकटी राहते आणि हे ती कुणाला सांगत नाही. शर्लीचे पाइ, ब्रिटाचा गांजा, एबेडचा दगड, पिअर्सची रम. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी न बोललेल्या गरजेची खूण आहे. मॅकेनाने एकही वस्तू नुसती कथेच्या सोयीसाठी ठेवलेली नाही, हे वहीचं पान भरताना माझ्या लक्षात आलं आणि मी पेन खाली ठेवून थोडा वेळ तसाच बसलो.

मग ट्रॉयचा आकडा येतो. त्याला मजा चुकवायची नसते, म्हणून तो धावत सुटतो आणि दार धाडकन लोटतो. त्या हादऱ्याने देखाव्यातला दगड सुटून जमिनीवर येतो, अ‍ॅनी त्यावरून अडखळून पडते, पर्समधल्या पिस्तुलातून गोळी सुटते आणि पिअर्सच्या मांडीत घुसते. रम सांडते. ब्रिटा बाहेर येते, समोरचं पाहून तिच्या हातातलं पेटतं थोटूक गळतं आणि जमीन पेट घेते. आरडाओरडा, रक्त, धूर. दारात ट्रॉय येऊन उभा राहतो, हातात पिझ्झाची खोकी, चेहऱ्यावर मगाचंच हसू; ते विरत जातं. आगीच्या मधोमध तो बाहुला त्याच्याकडे रोखून पाहत असतो. हे दृश्य पुढे इतकं गाजलं की मालिका न पाहिलेल्यांनीही ते कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. डोनाल्ड ग्लोव्हरचा तो चेहरा बघण्यासारखा आहे. तो ओरडत नाही, खोकीसुद्धा खाली ठेवत नाही. काही क्षण तो पाहुण्यासारखा आपल्याच घराच्या उंबरठ्यावर उभा असतो.

बहुतेकांना हीच खेप सर्वांत भयंकर वाटते. मालिकेनेही तिला 'सर्वांत काळी काळरेषा' म्हटलं आणि इंग्रजीत तो शब्दप्रयोग रूढ झाला. माझं मत वेगळं आहे. मला सहावी खेप जास्त काळी वाटते, एबेड जातो ती. तिथे ना गोळी ना आग. जेफ आणि अ‍ॅनी न्हाणीघरात एकमेकांच्या जवळ येतात, चुंबनही होतं, आणि ती बोलून जाते की तू मला माझ्या वडिलांची आठवण करून देतोस. पिअर्स ट्रॉयला बाहुला देतो. शर्ली आणि ब्रिटा एकमेकींना नको ते ऐकवतात. एबेड पिझ्झा घेऊन परततो तेव्हा सगळे घुमे होऊन बसलेले असतात. आगीनंतर माणसं रुग्णालयात का होईना, एकत्र जातील. या गप्प खोलीतून प्रत्येक जण एकेकटा घरी जाणार आहे. जो मुलगा माणसांचे भाव ओळखण्यात कच्चा म्हणून ओळखला जातो, तोच या घोळक्याला सांधून होता, हे त्याच्या गैरहजेरीतच कळतं.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत खोलीवर आम्ही पाच जण राहायचो. आमच्यातला एक मुलगा फार कमी बोलायचा. रात्री खालच्या टपरीवरून चहा आणायला नेहमी तोच उठायचा, किटली हातात घेऊन. तो खाली गेला की आमच्यात वाद पेटायचे आणि तो वर आला की शमायचे. तो काही समजूत घालायचा नाही. पेले मांडायचा आणि चहा ओतायचा. आम्ही हे कधी लक्षात घेतलं नाही. त्याने खोली सोडली आणि दोन महिन्यांत आम्ही चार ठिकाणी पांगलो. कारण विचाराल तर विजेच्या बिलावरून झालेलं भांडण. सहावी खेप पाहताना मला दर वेळी ती किटली दिसते.

सातव्यांदा फासा वर जातो, गिरक्या घेतो, आणि एबेड तो हवेतच झेलतो.

ती मूठ मिटताना नीट पाहावी. इतका वेळ कॅमेरा फासा पडायची वाट पाहत होता आणि आपणही आकड्याची वाट पाहायला सरावलो होतो. आधीच्या सहा काळरेषांतलं एबेडला काहीही ठाऊक नाही, त्याने आगही पाहिलेली नाही आणि ते मौनही पाहिलेलं नाही. तरी तो आपण होऊन फासा पडू देत नाही. तो म्हणतो ते थोडक्यात असं, की आयुष्यात अंदाधुंदी आधीच पुरेशी आहे. तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही, एका तराफ्यावर एकत्र बसून ती पार करायची, आणि तराफा ज्याने बांधला जातो ती गोष्ट म्हणजे आपण एकमेकांना ओळखून असणं. मग प्रत्येकाबद्दल एकेक वाक्य बोलतो. अ‍ॅनी जिद्दीचीच राहणार, शर्ली देतच राहणार, पिअर्स माफी कधीच मागणार नाही, ब्रिटाचा अंदाज मात्र मला येत नाही. आणि जेफ लबाडच राहणार, कारण माणसं सात आणि फाशाला बाजू सहा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोजलं नव्हतं. जेफने डाव्या हातापासून आकडे वाटले आणि स्वतःला सोडून दिलं, हे भर टेबलावर, सगळ्यांसमोर घडलं होतं. आपल्याकडे द्यूत म्हटलं की शकुनी आठवतो. त्याचा कपटीपणा फाशांत होता. जेफचा फासा अगदी सच्चा आहे, कोणताही आकडा येऊ शकतो. लबाडी आहे ती खेळ सुरू होण्याआधीच्या वाटणीत. म्हणूनच ती दिसत नाही. जो नियम सांगतो तो स्वतः नियमात आहे की नाही हे आपण पाहत नाही, सगळे जण फाशाकडे पाहत असतात. सहा काळरेषांची कसरत करून लेखकाने इतका साधा हिशोब आपल्या नाकासमोर लपवून ठेवला, या कारागिरीला मी मनापासून दाद देतो.

जेफला जावं लागतं. दार लागतं, 'रॉक्सॅन' सुरू होतं आणि ब्रिटा गाऊ लागते. या वेळी तिला कुणी अडवत नाही, कारण अडवणारा जिन्यावर आहे. ती सगळी ओळ गाते. मग ट्रॉय नाचू लागतो, मग अ‍ॅनी, मग शर्ली. पिअर्स तो बाहुला गुपचूप टाकून देतो. पुन्हा पुन्हा अर्धवट तुटलेलं गाणं आता पुढे जात राहतं. कानाला ते किती हवं होतं हे ते मिळेपर्यंत आपल्याला कळलेलं नसतं. शर्ली गेल्यावर पाइ जळतात, एबेड गेल्यावर अबोला येतो, आणि जेफ, म्हणजे या गटाचा पुढारी, गेल्यावर खोली नाचू लागते. पुढाऱ्याबद्दल इतकं कठोर विधान आणि तेही इतक्या मायेने केलेलं दुसरं मला माहीत नाही. जेफ दुष्ट नाही. तो प्रत्येक आनंदाला किंचित लवकर थांबवतो, एवढंच.

अगदी शेवटी एक छोटं दृश्य येतं, त्या जळालेल्या काळरेषेतलं. पिअर्स दगावलेला आहे, जेफचा एक हात गेला आहे, अ‍ॅनी मनोरुग्णालयात आहे, शर्ली दारूत बुडाली आहे, ट्रॉयचा आवाज गेला आहे. ब्रिटाने केसांत एक निळी बट रंगवली आहे. एबेड काळ्या फेल्टच्या दाढ्या कापतो आणि सुचवतो की आता आपण दुष्ट होऊ आणि चांगल्या काळरेषेतल्या आपल्याच जागा बळकावू. दाढीचा संदर्भ १९६७ च्या 'स्टार ट्रेक'मधल्या 'मिरर, मिरर' या भागाचा. तिथे पर्यायी जगातला स्पॉक दाढीवाला असतो. संदर्भ माहीत नसला तरी चालतं. सगळं गमावलेला मुलगा कात्री घेऊन बसला आहे आणि मित्रांना पुन्हा एका खेळात ओढू पाहतो आहे, एवढं दिसलं तरी पुरे.

या पटकथेला २०१२ साली एमीचं नामांकन मिळालं, भागाला ह्यूगोचंही. पुरस्कार दोन्हीकडे दुसऱ्यांना गेले. मॅकेना पुढे 'स्पायडर-मॅन: नो वे होम'च्या लेखकांपैकी एक झाला, तिथेही अनेक विश्वं आहेतच. मालिकेचं संगीत करणारा लुडविग योरानसन 'ब्लॅक पँथर' आणि 'ओपनहायमर'साठी ऑस्कर घेऊन गेला. मालिकेचा स्वतःचा फासा मात्र भलताच पडत राहिला. हा भाग दाखवल्यावर महिनाभराने वाहिनीने ती पुढच्या वेळापत्रकातून वगळल्याचं जाहीर केलं. मार्च २०१२ मध्ये ती परतली. मे महिन्यात हार्मनला काढून टाकलं, एका हंगामानंतर परत बोलावलं. चौथ्या हंगामात पिअर्स करणारा चेव्ही चेस बाहेर पडला, पाचव्यात ट्रॉय करणारा डोनाल्ड ग्लोव्हर गेला, त्यानंतर शर्ली करणारी इव्हेट निकोल ब्राउन. २०१५ मध्ये सहावा हंगाम संपला तेव्हा त्या अभ्यासाच्या टेबलाशी सातातले चारच उरले होते. ते शेवटचे भाग पाहिले की मी परत या भागाकडे येतो. घर क्रमांक ३०३, खाली पिझ्झावाला, वर सातही जण. ज्याला पाठवलं आहे तो अजून पाच मिनिटांनी परत येणार आहे.